वन्संचा क्लच, डॉक्टरचा पाय

नणंद-भावजयीने मिळून दागिना घेतल्याचं एक वेळ कुणी ऐकलं असेल. या दोघींनी मिळून स्पोर्ट्‌स कार घेतली होती. नणंद शाळेत भूगोल शिकवायची, भावजय दातांची डॉक्टर. आठवडाभर डॉक्टर गाडी दवाखान्यात न्यायची आणि रविवारी वन्सं ती गावाबाहेरच्या रेस ट्रॅकवर पिटाळायच्या. वाटणी झकास चालली होती.

मग वन्संनी हौसेने इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि तिथेच माशी शिंकली. जुन्या क्लचला ती ताकद पेलेना. डॉक्टरने चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की इंजिन नुसतंच बोंबलायचं, गाडी आपली रांगतच राहायची आणि आत करपल्याचा वास भरायचा.

"बदलायचाच आहे, तर थेट रेसिंगचा बसवू," वन्संनी जाहीर केलं. "सिरॅमिकच्या पाकळ्यांचा. एकदा पकडलं की सोडायचं नाव नाही."

"वन्सं, रोज त्या ट्रॅफिकमधून मला जायचंय," डॉक्टर म्हणाली. "सिग्नलला तो असा उसळेल, की माझेच दात हलायचे. मला मऊ क्लच हवा."

"मऊ उशी असते गं. क्लच नाही."

डॉक्टरच्या नवऱ्याने मुकाट्याने पेपर डोळ्यांसमोर धरला. एका बाजूला थोरली बहीण, दुसऱ्या बाजूला बायको. अशा वेळी आपण घरात नाहीच असं दाखवण्यात तो तरबेज झाला होता. तरी शनिवारी दोघींनी त्याला गॅरेजमध्ये ओढून नेलंच.

गॅरेजच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "या माझ्याच गाड्या. काळीत पाकळ्यांचा क्लच आहे, पांढरीत पूर्ण गोल अस्तराचा, म्हणजे मऊ, फक्त प्लेटचा दाब वाढवलेला. चालवा आणि मग भांडा."

वन्सं ऐटीत काळीत बसल्या. डॉक्टर शेजारी, नवरा मागे. पहिल्याच वळणावर गाडीने असा हिसका दिला, की नवऱ्याचा चष्मा मांडीवर आला. पुढे चढावरच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं. वन्संनी चालू केलं, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला.

"ताई, हँडब्रेक!" नवरा ओरडला.

"तू बोलू नकोस!" वन्सं कडाडल्या. भर वर्गात नकाशा उलटा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. कशीबशी गाडी सिग्नलपार नेऊन त्यांनी कडेला लावली आणि उतरताना डावा गुडघा हळूच दाबला. डॉक्टरने ते पाहिलं.

आता ती स्टिअरिंगमागे बसली. हा क्लच किती वाईट आहे ते सिद्ध करायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच तिचा बेत होता. पण दात कोरायच्या यंत्राचं पेडल ती वर्षानुवर्षं डाव्या पायाने चालवत आली होती. पेशंटच्या तोंडात केसभरही जास्त दाबून चालत नाही. त्या सवयीने तिने पाय उचलला आणि गाडी सुळकन निघाली. दुसरा गिअर खट्टकन पडला. तिसऱ्याला पाठ सीटला टेकली आणि डॉक्टर चक्क खिदळली. दवाखान्यात तिला असं हसताना कुणी पाहिलं असतं, तर पेशंट पळाले असते.

मग पांढरी चालवून झाली. ती दोघींच्याही हाताखाली गुमान चालली. गॅरेजमध्ये परतल्यावर उस्तादाने विचारलं, "मग? कुठला?"

"काळीतला," डॉक्टर म्हणाली.

"पांढरीतला," वन्सं म्हणाल्या.

मग नवऱ्यालाच पहिल्यांदा हसू फुटलं.

"अगं, तुला मऊ हवा होता ना?" वन्संनी विचारलं.

"आणि तुम्हाला न सोडणारा! वन्सं, गुडघा दुखतोय का?"

"दुखत नाही, कुरकुरतो." वन्संनी मान वळवली. "पण माझ्यासाठी माघार घेऊ नकोस हं. तुझे डोळे कसे चमकत होते, पाहिलंय मी."

डॉक्टरला मोह आवरत नव्हता. तो हिसका, ती झेप अजून पोटरीत होती. पण रविवारी वन्सं ट्रॅकवरून लाल गालांनी घरी येत, तेही तिला ठाऊक होतं. गुडघ्याने दगा दिला, तर ते संपलंच.

"उस्ताद, आमच्या इंजिनाला पांढरीतला पुरेल?"

"पुरून उरेल. पाकळ्यांचा लागेल इतकी ताकद अजून तुमच्या गाडीत नाही."

"अजून?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि नवऱ्याने घाईघाईने खिशातलं पाकीट चाचपलं.

पांढरीतला क्लच बसला. किल्ली देताना उस्तादाने बजावलं, "नवं अस्तर नीट बसेपर्यंत शहरातच, हलक्या पायाने चालवायची. एवढ्यात ट्रॅक नाही."

त्या रविवारी दोघी आपली लाल गाडी घेऊन नदीकाठच्या रस्त्याने निघाल्या. गिअर हळू, क्लच हळू, सगळंच हळू. एक आजोबा सायकलवरून घंटी वाजवत आले, खिडकीशी डोकावले, "बंद पडली का हो?" म्हणून चौकशी केली आणि आरामात पुढे निघून गेले.

वन्संच्या हाताची मूठ स्टिअरिंगवर आवळली. "डॉक्टर, एकदाच?"

"नाही म्हणजे नाही. तोंड उघडं ठेवून शांत बसा."

वन्सं इतक्या हसल्या, की गाडी कडेला घ्यावी लागली.