हँडलवरचा टॉवेल

"आता बघा हं," म्हणत रंभाजीने मस्कतहून आणलेल्या इमर्जन्सी लॅम्पचं बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. पंखा दोन फेऱ्या मारून थांबला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंमधला झिरोचा लाल दिवा विझला. दुपारच्या तीनच्या उन्हात लॅम्प मात्र उगीचच जळत राहिला.

"अवो भावजी, तुमच्या दिव्यानं आमची लाईट खाल्ली की!" दारात बसलेली शेजारची छबूबाई म्हणाली. रंभाजीची मुलगी प्रज्ञा खो खो हसली.

रंभाजीही हसला, पण त्याच्या हसण्याचं कारण वेगळं होतं. कालच तो दोन वर्षांनी घरी आला होता आणि आल्यापासून लाईट कधी जाते याचीच वाट बघत होता. असं कुणी बोलून दाखवत नाही, पण खरं ते खरं.

देवळाली प्रवरापासून कोसभर आतल्या या वस्तीत लाईट गेली की सगळे रंभाजीच्या दारात यायचे. एरवी बौद्धवाड्याच्या वाटेला न फिरकणारे पायसुद्धा यायचे. "रंभाजी, बघ रं बाबा," म्हणायचे. सरकारी वायरमन चार गावांना एक, तो कशाला हाती लागतो? मग रंभाजी पक्कड घ्यायचा, खिळ्यावरचा लाल काठाचा टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि उसाच्या बांधाने डीपीकडे, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरकडे निघायचा. डीपीचं हँडल खाली ओढून तो त्याला टॉवेल बांधायचा आणि मगच फ्यूजच्या पेटीला हात लावायचा. टॉवेल दिसला की हँडलला कुणी शिवायचं नाही. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. हा नियम त्याचाच, आणि पाटलापासून पोरापर्यंत तो सगळे पाळायचे. फ्यूजमध्ये तो तार नेहमी दुहेरी घालायचा. रंभाजीची तार उडत नाही, असं वस्ती कौतुकाने म्हणायची आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

मस्कतला लाईट जातच नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं आणि तिथेच त्याचं मन उतरलं. कामगारांच्या कॅम्पात ट्यूब बदलायच्या, एसीच्या जाळ्या धुवायच्या. खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी यायची, हाक मारायला माणूस यायचा नाही. एकदाच, ऑगस्टातल्या एका शुक्रवारी भर दुपारी, तिथली लाईट गेली. दोनशे बाप्ये पार गांगरून गेले. कुणी बंद एसीखाली तोंड वर करून उभा, कुणी नुसताच शिव्या देत होता. बिघाड दूर कुठेतरी होता, त्यामुळे रंभाजीची पक्कड काही कामाची नव्हती. लाईट नसली की आपल्या घरी काय करतात, हे तो आठवू लागला आणि त्याला आठवली ती कलाबाई, त्याची बायको. ओल्या गोणपाटाने दार झाकणारी. फरशीवर पाणी शिंपडून पोरीला तिथे निजवणारी. लाईट आहे तोवर दळण, पाणी उरकून दिवस असतानाच कंदिलाची काच पुसून ठेवणारी. त्याने चादरी भिजवून सहा खोल्यांची दारं झाकली. लाईट आणायचं काम आपण करत आलो, पण लाईट नसलेले तास काढायचं काम हिनेच केलं, हे त्या दुपारी त्याला उमगलं. पत्रात एवढं सगळं लिहायला त्याला लाज वाटली. त्याने लिहिलं, 'माठ भरून ठेवत जा.'

आता ट्रंकेत परतीचं तिकीट होतं, सतरा तारखेचं. ते वापरायचं नाही, असं त्याने विमानातच ठरवलं होतं. आपल्यावाचून वस्तीचं अडत असेल, या एकाच गोष्टीवर त्याने दोन वर्षं काढली होती.

कालव्यापलीकडच्या वस्तीतली विजेची गिरणी टुकटुक वाजत होती. म्हणजे तिकडे लाईट होती, आपलाच फ्यूज उडाला होता. रंभाजी पक्कड शोधू लागला. बराच वेळ शोधूनही ती सापडेना. खिळ्यावर टॉवेल नव्हता. त्या खिळ्याच्या हातभर खाली दुसरा एक खिळा कुणीतरी ठोकला होता, तोही रिकामाच होता.

"तुझी आई कुठंय गं?" त्याने विचारलं.

"लाईट गेल्याबरोबरच गेली की ती," प्रज्ञा म्हणाली आणि आणखी काही बोलणार तोच तो बाहेर पडला.

डीपीजवळ बाभळीखाली चारपाच जण निवांत बसले होते. हँडल खाली होतं आणि त्याला लाल काठाचा टॉवेल बांधलेला होता. पेटीपुढे लुगड्यावर त्याचाच जुना शर्ट चढवून, पायात रबरी चपला घालून कलाबाई उभी होती.

"ये रंभाजी, बस," आप्पासाहेब म्हणाले. वस्तीतला मोठा ऊस त्यांचाच. "कलाबाई फ्यूज घालतीय."

रंभाजी बसला नाही. "हो बाजूला, मी घालतो," तो पुढे होत म्हणाला.

"झालंच आता," कलाबाई मागे न बघता म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. "अगं, एकेरी? दुहेरी घाल. दोन दिवसांत उडंल परत."

"उडू द्या. तार उडाली तर तारच जाती."

आप्पासाहेब उसाकडे बघू लागले. कलाबाईने पेटीचं दार लावलं आणि मग ती वळली.

"तुमी गेल्यावर बाराव्या दिशी डीपी जळाली. दुहेरी तारंनं. तार उडाली न्हाई, डीपीच गेली. बावीस दिस अंधार हुता. नवी बसवाया वायरमन आला, त्याच्यापाशी उभी राहून मी शिकून घेतलं."

रंभाजी पेटीकडे बघत म्हणाला, "मला कळवलं न्हाईस?"

"काय कळवायचं? परमुलखात एकटा मानूस. घास गोड लागला असता का तुमाला?"

"मी लिहिनार हुतो," आप्पासाहेब हळूच म्हणाले. "ऊस वाळला हुता माझा, डोकं फिरलं हुतं. पर हिनं घरोघर जाऊन हात जोडलं, कुनी लिवू नका म्हनून."

दोन वर्षं वस्ती गप्प बसली होती. रंभाजीला लाज वाटली आणि त्याहून जास्त कलाबाईची माया वाटली. दोन्हीचं काय करावं हे न सुचून तो हँडलपाशी जाऊन उभा राहिला.

"बरं, कर आता हँडल वर," आप्पासाहेब उठत म्हणाले. "वाफा अर्धाच भिजलाय."

सवयीने रंभाजीचा हात टॉवेलच्या गाठीवर गेला. पण तो तिथेच थांबला आणि त्याने हात मागे घेतला.

"न्हाई आप्पासाहेब. टावेल तिनं बांधलाय."

कलाबाई आली. तिने गाठ सोडली, टॉवेलाला हात पुसले आणि तो त्याच्याकडे धरायला दिला. मग दोन्ही हातांनी हँडल वर लोटलं. उसापलीकडे आप्पासाहेबांची मोटर घुमू लागली.

बांधावरून परतताना दोघं पुढेमागे चालत होती.

"सतरा तारखेचं तिकीट हाय माझं," तो म्हणाला.

"म्हाईत हाय. ट्रंक मीच लावली."

"काय करू?"

ती चालता चालताच म्हणाली, "ऱ्हायचं तर ऱ्हावा. मला बरंच वाटंल. पर लाईटीसाठी नका ऱ्हाऊ."

घरात पंखा फिरत होता. लॅम्प तसाच जळत होता, तो रंभाजीने बंद केला. मग टॉवेल झटकला, त्याची घडी केली आणि तो कलाबाईच्या हाताला येईल अशा खालच्या खिळ्याला अडकवला.