सहा महिन्यांत तीस वर्षांची सेवा

चूक माझीच होती. हे आधीच कबूल करते, म्हणजे मधेच कुणी बोट दाखवायला नको.

पगार करताना आमच्याकडे ‘या महिन्यातले बदल’ अशी एक यादी भरतात. या खेपेला तिच्यात दोनच नावं होती. वर गोदामातला माल सांभाळणारे स्टोअरकाका, नावासमोर ‘सेवानिवृत्त’. खाली मी, नावासमोर ‘कायम’. सहा महिने उमेदवारी करून पहिल्या तारखेला मी कायम होणार होते. आईने ही बातमी बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पोचवून ठेवली होती.

आता साहेबांना प्रत्येक यादी अकारविल्हे लागते. दोन नावांची असली तरी लागते. मी नावांचा रकाना निवडला, क्रम लावला आणि शेजारचा रकाना निवडायला विसरले. नावांची अदलाबदल झाली, शेरे जागच्या जागी राहिले. पगार गेले, महिन्याचा हिशेब बंद झाला.

दुसऱ्या दिवशी हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखेना. स्टोअरकाका गंमत म्हणून, शेवटचा म्हणून अंगठा लावून गेले, तर यंत्राने त्यांचं स्वागत केलं. तीस वर्षांनंतर काका कायम झाले होते.

मी धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“बंद झालेला महिना उघडत नाही,” ते म्हणाले.

हे वाक्य सहा महिन्यांत मीच निदान वीस जणांना ऐकवलं होतं. खोटं कशाला बोलू, ऐकवताना मजाही यायची.

“पण साहेब, मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“ते दिसतंय गं. पण कागदावर तू गेलीस. चार वाजता निरोप समारंभ आहे, वेळेवर ये.”

समारंभ काकांसाठी ठरला होता, पण निवृत्त मी झाले होते. केक आला. भिंतीवरचं घड्याळ आलं, त्याच्या मागे कोरलेलं होतं, ‘तीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल’. साहेबांनी खिशातून भाषण काढलं आणि जसंच्या तसं वाचलं. या व्यक्तीने आपलं तारुण्य या गोदामाला दिलं. हिच्या हातून कधी एक खिळा हरवला नाही. आता नातवंडांत रमावं. मी चोवीस वर्षांची आहे. तरीही टाळ्या पडल्या आणि पॅकिंगविभागातल्या ताईंनी तर डोळे पुसले.

काका मागे खुर्चीवर बसले होते.

“काका, अभिनंदन.”

“कसलं डोंबलाचं अभिनंदन! गुडघे बोलतात माझे. उद्यापासून पुन्हा शिडी चढायची.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोरी, पुढच्या महिन्याच्या यादीत काही करता येतं का बघ ना.”

“मी इथे नोकरीला नाही, काका.”

घरी आईने चष्म्याशिवायच घड्याळ उलटसुलट पाहिलं. “कायम झाल्यावर एवढं मोठं घड्याळ देतात?”

“देतात,” मी म्हटलं. तिने ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मला रात्रभर त्याची टिकटिक ऐकू येत राहिली आणि स्वतःचा भयंकर राग येत राहिला.

सकाळी कचेरीच्या दारावर कागद चिकटवलेला होता, ‘पगारविभागात जागा रिकामी. अनुभव सहा महिने’. मी आत गेले. उमेदवार मी एकटीच.

“या, बसा,” साहेब म्हणाले. सहा महिन्यांत त्यांनी मला ‘बसा’ सोडा, ‘बस’सुद्धा म्हटलं नव्हतं. “याआधी कुठे होतात?”

“इथेच. त्या खुर्चीत.”

“हं. त्या खुर्चीत एक मुलगी होती आमची.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. “गुणी पोरगी. तिच्या पगारपत्रकात पैशाचा फरक यायचा नाही. जेवण टाकून लोकांच्या रजा जुळवायची. तिच्यासारखं काम जमेल तुम्हाला?”

मला वाटायचं, या माणसाला माझं नावही नीट ठाऊक नसेल.

“प्रयत्न करते. साहेब, ती एवढी चांगली होती, तर तिला हे कधी सांगितलंत का?”

“सांगणार होतो ना. कायम झाल्यावर.” त्यांनी खण उघडला आणि एक कागद काढला. माझ्या नावाचं पत्र होतं. कायम केल्याचं, सहीशिक्क्यासकट. खाली त्यांच्या हाताने लिहिलेली एक ओळ होती, ‘ही मुलगी सोडू नये’.

“पण थांबली नाही ती,” साहेब म्हणाले. खरोखर दुखावल्यासारखे दिसत होते.

“साहेब, ती आहे अजून.”

“असेल हो कुठेतरी. चांगली माणसं टिकत नाहीत. बरं, तुम्हाला घेतलं. सहा महिने उमेदवारी, मग बघू.”

मग त्यांनी ते पत्र उलटं केलं, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला आणि पेनसकट माझ्यापुढे सरकवलं.

“रुजू होण्याचा अर्ज यावर लिहा. चांगला कागद आहे, वाया कशाला घालवायचा?”

मी लिहिला.