दिव्याखालचा पडदा

वॉल्टर सुकोचॉफच्या उजव्या हाताला कॅनडातल्या स्लोकन खोऱ्यात मान होता. गांजाच्या रोपांवर दिवा किती उंच टांगायचा, हे तो हातानं ठरवायचा. शेंड्यांच्या उंचीवर पंजा उपडा धरायचा, डोळे मिटायचा आणि दिवा खाली सोडायला सांगायचा. हाताच्या पाठीला चटका बसला की म्हणायचा, आता वीतभर वर घ्या. बस्स. लागवड चोरून चालायची आणि डोंगरावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं, त्या काळात निम्म्या खोऱ्याच्या तळघरांतले सोडियमचे पिवळे दिवे त्यानं असेच लावून दिले होते. आता घरात चार रोपं लावायला कायद्याची आडकाठी नव्हती, तरी लोक त्यालाच बोलवायचे. तोही जायचा. कौतुक कुणाला नको असतं?

त्याचं सर्वांत जास्त कौतुक करायची त्याची बायको टिली. रविवारी प्रार्थनाघरात भजनं आटोपून बायका बोर्श्टचं सूप वाढायला लागल्या, की हिची टकळी सुरू व्हायची. "माझे पाय वॉल्टरच्या हातावर उभे आहेत," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते खोटंही नव्हतं. मज्जातंतूंच्या दुखण्यानं तिचे पाय बसल्या जागी ताठ व्हायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, रडू फुटायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती झोप यायची, आणि दुकानातली तेलं नावालाच. वॉल्टरनं स्वतः जोपासलेल्या एका जुन्या वाणाचा अर्क जिभेखाली घेतला, की मात्र पाय सैल पडायचे आणि काठी टेकत का होईना, ती चालायची.

तो वाण दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता. शेजारच्या फ्रेड पोझ्निकॉफकडे होता, पण नव्या नव्या नावांच्या नादाला लागून त्यानं तो उपटून टाकला. यांच्याकडची तीन रोपं हिवाळ्याच्या तोंडावर भुरी पडून गेली. उरलं एकच, आणि अर्काची बाटली तळाला लागत आली होती.

नेमका अशात तळघरातला जुना दिवा जळाला. तसला आता मिळेना, म्हणून नवराबायको नेल्सन गावातल्या दुकानात जाऊन पांढरा एलईडी घेऊन आले. दुकानातल्या रोवेनानं बजावलं होतं, की आधी अर्ध्या तेजावर ठेवा, रोपाकडे बघत हळूहळू वाढवा, आणि प्रकाश मोजायचं यंत्र देते, चार दिवस घेऊन जा. वॉल्टरनं आपला पंजा तिच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे मग?" रोवेना हसली. टिलीही हसली, आणि पायांचं ते वाक्य तिनं रोवेनालाही ऐकवलं.

घरी येऊन वॉल्टरनं दिवा टांगला, पंजा धरला, डोळे मिटले. हाताला काहीच लागेना. दिवा खाली आला, आणखी खाली आला. छताजवळच्या डबीवरचं तेजाचं बटण त्यानं पार शेवटपर्यंत फिरवलं, तरी हात गारच. असला कसला मरतुकडा दिवा, असं पुटपुटत त्यानं तो शेंड्यावर वीतभर अंतरावर तसाच ठेवला.

आठवडा उलटायच्या आत शेंड्याची पानं पांढुरकी पडायला लागली. वॉल्टर म्हणाला, रोप भुकेलं आहे. त्यानं पाण्यातून मॅग्नेशियमचं मीठ घातलं. पण टिलीला डोळे होते. दिव्याकडे तोंड केलेली पानं तेवढी पांढरी, आणि त्यांच्या सावलीतली हिरवीगार. भूक अशी निवडून लागते का? दिवा गरम नव्हता, पण जाळत होता.

हे त्याला सांगायचं कसं? लाकूड कापायची गिरणी बंद पडून नोकरी गेल्यापासून वॉल्टरजवळ मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं. तू ज्या हाताच्या जोरावर जगलास तो आता कामाचा नाही, हे तिच्या जिभेवर येऊन परत जायचं. तिला त्याची दया यायची आणि रागही यायचा. शेवटी तिनं आईच्या पेटीतला जाळीचा पडदा काढला.

सकाळी वॉल्टर ट्रॅक्टर घेऊन लोकांच्या वाटांवरचं बर्फ सारायला जायचा. तो गेला की टिली तळघराच्या पायऱ्या बसून बसून उतरायची आणि रोपाभोवतीच्या काठ्यांवर पडदा पसरायची. पहिल्याच दिवशी त्या पांढऱ्या उजेडानं डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हापासून ती वर मान करायचीच नाही. दुपारी वळणावर ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली, की पडदा काढायचा, पोटाशी धरायचा आणि कठडा धरून वर यायचं. वॉल्टर स्वयंपाकघरात शिरायचा तेव्हा ही कणकेत बटाटा भरत बसलेली असायची, तोंडावर घाम. स्टोव्हची धग, म्हणायची.

पानं आणखी पांढरी पडायची थांबली. पण रोप काही सुधारेना. नवा शेंडा काडीसारखा बारीक आणि लांबच लांब निघाला, खालची पानं पिवळी होऊन लोंबायला लागली. टिलीला वाटलं, भाजणं अजून थांबलेलं नाही. ती पडदा दुहेरी घालायला लागली. तिनं मातीत बोट घालून पाहिलं तर माती ओली गच्च. रोप पाणीच पीत नव्हतं. वॉल्टरनं दोन फांद्या छाटून रुजवायला ठेवल्या, त्या सडल्या. आजारी रोपाची कलमं लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण जेवताना त्यावर कुणी बोललं नाही. हल्ली जेवताना कशावरच कुणी बोलत नव्हतं. मधेच फ्रेडचा फोन आला. त्यानंही तसलाच दिवा घेतला होता, शनिवारी येऊन हात धर म्हणाला. वॉल्टरनं हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

शुक्रवारी खूप बर्फ पडलं. बाटलीत थेंबच उरले होते, म्हणून टिलीनं सकाळचा डोस घेतलाच नव्हता. नको तिथे काटकसर. ती खाली उतरली, पडदा घातला, आणि वळताना तिच्या दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या. ती काठीसकट फरशीवर आली. पाय लाकूड झाले होते. हातांनी दाबून पाहिलं, चिमटे काढले, सरपटून पाहिलं. पायरीपर्यंतही जाता येईना.

ती कान देऊन पडून राहिली. ट्रॅक्टर वाजला की निदान पडदा ओढून घ्यायचा, असं तिनं ठरवलं. पडल्या जागेवरून कोपरा हाताला लागत होता. पण ओढला तर तो काठ्यांत अडकणार आणि रोप मोडणार. तिनं तो हलकेच ताणून पाहिला. काठी वाकली, तिच्याबरोबर खोडही वाकलं. तिनं सोडून दिला.

ट्रॅक्टर वाजलाच नाही. थेट वर दार वाजलं आणि बूट आपटल्याचा आवाज आला. ट्रॅक्टर खड्ड्यात रुतला होता, वॉल्टर चालत आला होता.

"टिली?"

तिचा हात पुन्हा पडद्याच्या कोपऱ्याशी गेला. बूट स्वयंपाकघरात गेले, झोपायच्या खोलीत गेले, मग तळघराच्या दाराशी येऊन थांबले.

वॉल्टर धावतच उतरला, पण शेवटच्या पायरीवर थबकला. आधी त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याचा चेहरा पाहून टिलीला वाटलं, आता हा ओरडेल.

"दिवा जाळतोय रे त्याला," तीच म्हणाली. "मला सांगवेना."

"कधीपासून घालतेस हे?"

"पानं पांढरी पडली तेव्हापासून. तू गेलास की रोज."

वॉल्टर मटकन पायरीवर बसला. "वर बघ," तो म्हणाला. "बटणाकडे बघ."

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बटण जवळजवळ शून्याशी आलं होतं.

"मीपण तेव्हापासूनच कमी करतोय. रोज थोडं थोडं. तू आंघोळीला गेलीस की."

टिलीला आधी अर्थच लागेना. मग लागला. पहिल्या आठवड्यानंतर रोप जळत नव्हतंच. वरून यानं दिवा विझवत आणला, खालून तिनं पडदा घातला, आणि दोघांनी मिळून त्याला उपाशी मारायला घेतलं होतं.

"बोलला का नाहीस?" तिचा आवाज चढला. "माझे पाय आहेत हे, वॉल्टर. तुझी अब्रू नाही."

"पहिल्याच दिवशी हाताला काही लागलं नाही," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं, काहीतरी चुकतंय. पण तू साऱ्या खोऱ्याला सांगत फिरतेस, तुझे पाय माझ्या हातावर उभे आहेत. हातच गेला, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

टिलीचा राग तिथेच विरला. इतके दिवस ती त्याच्या ताठ्याला जपत होती, आणि तो ताठा निम्मा तिनंच त्याच्या गळ्यात बांधला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

वॉल्टरनं वरून बाटली आणली आणि उरलेले थेंब तिच्या जिभेखाली सोडले. पोटऱ्या चोळत तो बराच वेळ बसला. मग दोघांनी मिळून पडदा सोडवला, तिनं खालून, त्यानं वरून. पडदा सुटला तेव्हा फरशीवरून तिला बुंध्याशी एक फुटवा दिसला. मोठ्या पानांच्या आडोशानं तो भाजण्यातून वाचला होता. बोटाएवढाच, पण हिरवा. उभ्या माणसाला तो दिसलाच नसता.

वॉल्टर ताडकन उठला आणि त्यानं बटणाला हात घातला.

"एकदम नको," टिली म्हणाली. "अंधारातून आलंय ते. एकच घर पुढे कर, आणि परवा बघू."

त्यानं एकच घर फिरवलं. सवयीनं पंजा दिव्याखाली गेला, तो त्यानं मागे घेतला आणि खिशात घातला.

तिला उचलून त्यानं वर आणलं, स्टोव्हजवळच्या खुर्चीत बसवलं, आणि कुणी न सांगता फोन उचलला. "फ्रेड, उद्या मी येतो, पण हात धरायला नाही. रोवेनाकडून यंत्र घेऊन येतो. तोवर तुझा दिवा वर घे आणि अर्ध्यावर ठेव." पलीकडून फ्रेड काहीतरी हसण्यावारी नेत असावा. वॉल्टरनं त्याला मध्येच तोडलं. "चेष्टा नाही. माझा हात चुकला. टिलीचं रोप मी जाळलं."

"दोघांनी म्हण," खुर्चीतून टिली म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "दोघांनी," तो फोनमध्ये म्हणाला.

पुढचे दिवस वाईट गेले. बाटली रिकामी होती, टिली खुर्चीतून उठू शकत नव्हती, आणि गोळे आले की वॉल्टर पोटऱ्या चोळायचा, तेवढाच इलाज. यंत्राचे आकडे तो खालून ओरडून सांगायचा, आणि बटण पुढे करायचं की थांबायचं हे ती वरून सांगायची. फुटवा छाटण्याजोगा झाला त्या रविवारी वॉल्टरनं तिला उचलून खाली नेलं, फुटव्याचं कलम लावलं, आणि भजनांना न जाता दोघं त्याच्यापाशी बसून राहिले. बाहेर बर्फ वितळायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी वॉल्टर जपून पायऱ्या चढून आला आणि त्यानं कलम लावलेली मातीची ओली वडी टिलीच्या तळहातावर ठेवली. वडीच्या कडेतून पांढरी मुळी बाहेर आली होती. वडीतून पाणी ठिबकत होतं, म्हणून वॉल्टरनं आपला हात टिलीच्या हाताखाली धरला.