काचेवरचा थर

माझ्या नातीच्या, ऋचाच्या पीएचडीसाठी वर्षभर स्वयंपाकाला म्हणून मी रहिमतपूरहून सांगलीला आले, त्याला आता चौथं वर्ष लागलं. इथे दोन खोल्या आणि बोअरचं खारट पाणी. गावी आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची. या दिवाळीला प्रबंध गेला की मी माझ्या घरी जाणार होते.

नातीने तिचं काम मला समजावलं होतं. पाण्यात विरघळलेल्या लांबलचक साखळ्या. प्रत्येकीचा एक भाग धन भाराचा, दुसरा बिनभाराचा. काचेवर ऋण भार, म्हणून धन भाग काचेला चिकटतो आणि दुसरा पाण्यात डोलत राहतो.

"म्हणजे पाय अडकलेले, डोकं मोकळं," मी म्हटलं.

"तुझ्यासारखं," ती हसली.

हा थर नुसत्या शुद्ध पाण्याने सुटावा, असं तिच्या सुमंत सरांना हवं होतं. एकदा तो सुटला. सरांनी लगेच पेपर पाठवला. पुन्हा मात्र सुटेना. काचा धुऊन धुऊन पोरीच्या बोटांची सालं निघाली.

रविवारी ती बादलीच्या काठावरचं पांढरं पुट नखाने खरवडत होती. एकदम थांबली.

"आजी, शुद्ध पाण्याचे रिकामे कॅन मी घरी आणते ना, त्यातला एखादा परत लॅबमध्ये नेला होता का गं मी?"

"नेलास की. तिथे पाणी नव्हतं, हात धुवायला हवं म्हणालीस. बोअरचं भरून दिलं."

ती खालीच बसली. "दोन्ही कॅन सारखेच. त्या दिवशी मी काचा चुकून बोअरच्याच पाण्यात धुतल्या. क्षार मध्ये आले की धन-ऋणाची ओढ ढिली पडते. म्हणून सुटला थर."

सोमवारी संध्याकाळी ती आली ती चप्पल न काढता उभी राहिली.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, कुणाला कळतंय, शुद्ध पाणीच होतं असं लिहून टाक. मी नाही म्हटलं. मग चिडले. शेवटी पेपर मागे घ्यायला तयार झाले. सगळं पहिल्यापासून करायचं."

"किती दिवस?"

"वर्ष तरी. तू जा आजी, मी डबा लावते."

मी इथे येण्याआधी डब्याने तिला कावीळ झाली होती. मी रहिमतपूरच्या माझ्या शेजारणीला, गोदावरीला फोन लावला. घर झाडून ठेवू नकोस म्हटलं.

"आवं काकी, गेल्या दिवाळीलाबी हेच म्हणला हुता," ती म्हणाली. "मग किल्ली माझ्याकडंच ठेवू व्हय?"

"ठेव," मी म्हटलं.