घडी न मोडलेला रुमाल

आत्याला कॉलेज पसंत पडलं ते त्याच्या माहितीपुस्तकावरून. गुळगुळीत कागद, वर सोनेरी क्रूस, आणि आत पानोपानी एकेक मुलगी, बत्तीशी दाखवत अभ्यास करणारी.

"बघा, पहिल्याच पानावर छापलंय. शंभर टक्के कॅथलिक वातावरण!"

"शंभर टक्के कॉटन छापलेले किती शर्ट आपल्या इस्त्रीखाली वितळले गं, आत्या?" काडी म्हणाली.

काडी म्हणजे घरातली धाकटी. अंगानं काडी, स्वभावानं आगपेटीतली. घासली की पेटली. गेल्या वर्षी तिनं शाळेला रामराम ठोकला आणि बाबांच्या लाँड्रीत उभी राहिली, तेव्हापासून आत्यानं तिच्या नावानं आंघोळ केली होती. घरात शहाणं काय ते ताईनंच व्हायचं होतं.

ताईला नर्स व्हायचं होतं. पण तिची एक अट होती, आणि ती हळू आवाजात बोलायची म्हणून ती अट कुणाला फारशी ऐकूच गेली नव्हती. जीव पोटातला असो नाहीतर शेवटचा श्वास मोजणारा, तो देवाचा आहे, त्याला हात लावायचा हक्क आपल्याला नाही, हे जिथे खरं मानून शिकवतात तिथेच तिला शिकायचं होतं. भिंतीवर टांगून नव्हे, वर्गात.

दोन कॉलेजांनी तिला घेतलं होतं. एक हे सोनेरी क्रूसवालं. दुसरं टेकडीपलीकडचं, जुनं, खोलीत आठ मुली कोंबणारं. त्यांच्याकडे माहितीपुस्तक नव्हतंच. एक फिकट कागद आला होता, त्यावर मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची वेळ, वर्गांची वेळ, आणि खाली तुसड्यासारखी एक ओळ: सोमवारी दुपारी बारापर्यंत फोन करा, नाहीतर जागा पुढच्या नावाला.

आज सोमवार होता. आणि आत्या सगळ्यांना घेऊन सोनेरी क्रूसाखाली उभी होती. इथे बाबांनी सही केली की ताईची तीन वर्षं इथे बांधली जाणार होती.

कॉलेज दाखवायला एक टायवाला आला. त्याचं काम आलेल्या पालकांना फिरवणं. हसू त्यानं सकाळीच चढवलेलं असावं, कारण ते कुठल्याच वाक्याला हलत नव्हतं.

"आमच्याकडे श्रद्धा ही प्रत्येक विटेत आहे," तो म्हणाला.

"माणसांत किती आहे?" काडी पुटपुटली. आत्यानं तिला चिमटा काढला.

ताईनं मात्र सरळ विचारलं, "नीतीच्या तासाला ख्रिस्तसभा काय म्हणते ते शिकवता का?"

"आम्ही मूल्यं शिकवतो."

"कुठली?"

"सगळी!" टायवाला खूश होऊन म्हणाला. "म्हणजे बघा, आम्ही कुणावर काही लादत नाही. विद्यार्थिनीनं सगळ्या बाजू बघाव्यात, तिला पटेल ते घ्यावं."

"म्हणजे किराणा दुकान," काडी म्हणाली. या वेळी चिमटा पिळून बसला.

बाबा जन्मात जेवढं बोलले असतील तेवढं आत्या एका जिन्यात बोलायची. वीस वर्षं ते गल्लीतल्या चर्चचे कपडे धूत आले होते, आणि त्यांचं असं होतं की माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या कॉलरवर विश्वास ठेवायचा.

मग कॉलेजचं प्रार्थनाघर, चॅपल. उंच छत, रंगीत काचा, बाकं इतकी चकचकीत की काडीला त्यात आपले विस्कटलेले केस दिसले.

"इथे रोज सकाळी मिस्सा होते," टायवाल्यानं हात पसरले. "एक दिवस खाडा नाही!"

आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ऐकलंत का? रोज!" तिनं पर्समधून पेन काढलं आणि बाबांच्या हातात कोंबलं. टायवाल्याच्या फायलीत फॉर्म तयारच होता. "घ्या, देवाचं नाव घेऊन करून टाका सही."

"थांबा," काडी म्हणाली आणि कुणाला न विचारता वेदीमागच्या खोलीत घुसली. फादर मिस्सेसाठी वस्त्रं चढवतात ती खोली. "अहो, तिकडे नाही..." करत टायवाला मागे धावला, आणि त्याच्यामागे सगळं घर.

काडीनं कपाटाचा खण ओढला. आत पांढरे रुमाल, मिस्सेतला द्राक्षरसाचा पेला पुसायचे, गठ्ठ्यानं. तिनं वरचा उचलला आणि आधी नाकाला लावला. चर्चचा रुमाल लाँड्रीत आला की त्याला तीन वास असतात: द्राक्षरसाचा, मेणाचा आणि फादरच्या हाताचा. धुतल्यावरही त्यातला एखादा हट्टानं राहतोच. याला वास होता फक्त कपाटाचा. मग तिनं घडी उलगडली. घडीच्या रेघांवर कापड पिवळं पडलेलं, आणि खळ जागोजाग करकरत तुटलेली. खालचा उलगडला, तसाच. त्याखालचाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जाळ उतरला, "हा गठ्ठा चार वर्षांत कुणी उलगडला नाहीये. रोज मिस्सा! एक दिवस खाडा नाही! मग पेला कशानं पुसतात, टायनं?"

"अगं ए!" आत्या किंचाळली. "लाज आहे का? स्वतः शाळा सोडलेली पोर कॉलेजला नापास करायला निघालीय!"

"मला गणित येत नाही आत्या, पण खोटं ओळखता येतं."

"हे जादाचे असतील," टायवाला घाईनं म्हणाला. "रोजचे धुवायला गेलेत."

त्यावर ताई पुढे झाली. लाँड्रीतच वाढलेली तीही. "धुता तेव्हा पहिलं पाणी कुठे टाकता?" तिनं विचारलं.

घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पेल्याचा रुमाल आधी नुसत्या पाण्यात खळबळायचा, आणि ते पाणी मोरीत नाही, मातीत ओतायचं. कारण त्या रुमालाला लागलेला थेंब आता द्राक्षरस राहिलेला नसतो, मिस्सेत तो ख्रिस्ताचं रक्त झालेला असतो. बाबा ते पाणी दोन्ही हातांनी तांब्या धरून मागच्या झाडाच्या मुळाशी नेत, आणि तेवढा वेळ दुकानात कुणी चहासुद्धा पीत नसे.

"पाण्याची काळजीच करू नका!" टायवाल्याचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. "आमची ड्रेनेजची व्यवस्था अगदी नवी आहे. सगळं सांडपाणी शुद्ध करून आम्ही टॉयलेटला वापरतो."

आत्याचा हात आपोआप क्रूसाची खूण करायला वर गेला आणि तिथेच अडकला.

बाबांनी रुमाल काडीच्या हातातून घेतला. नाकाला लावला, उजेडात धरला, पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून खणात ठेवला.

"इस्त्री झकास आहे," ते म्हणाले.

एवढी घाण शिवी बाबांच्या तोंडून काडीनं कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी आत्याचं पेन आत्याला परत केलं.

फाटकाबाहेर आले तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. ताईनं फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. "हे तुमचं खरं कॉलेज!" आत्याला पुन्हा कंठ फुटला. "साधा फोन उचलता येत नाही! बसा आता दोन्हीकडून लोंबकळत!" काडी आणखीच भडकली. ताईनं पुन्हा लावला. घंटी वाजली, वाजत राहिली, शेवटी कुणीतरी उचलला.

"हॅलो, मी जागेसाठी..."

"बारा वाजले," बाईचा खरखरीत आवाज आला. "थांबा."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज.

"गेली जागा!" काडी पेटली. "दे इकडे, त्या खडूस म्हातारीला..."

"श्श." ताईनं स्पीकर लावला. पलीकडे घंटा होत होती. मग खुर्च्या सरकल्या, आणि तोच खरखरीत आवाज बाराच्या घंटेला म्हणायची देवदूताची प्रार्थना म्हणू लागला, मागून पाचसहा जण, एकजण भलताच बेसूर. बाबांनी टोपी काढली. भर रस्त्यात ताईचे ओठ हलत होते. आत्या इकडेतिकडे बघत होती, पण आमेन तिच्याही तोंडून गेलं.

"हं, बोला," बाई परत आली.

"बारा वाजून गेले," ताई म्हणाली. तिला खोटं बोलताच येत नसे, स्वतःच्या फायद्याचंसुद्धा.

"घड्याळ मलाही कळतं. घंटेच्या आधी वाजला होता ना फोन? मग नाव सांगा. पुटपुटू नका."

ताईनं नाव सांगितलं. पलीकडे पेन कागदावर करकरलं. "शुक्रवारी सकाळी या. उशी आपली आणा, इथल्या वाईट आहेत." आणि फोन बंद.

"बाई आहे की कुलूप!" काडी म्हणाली. "आणि तिथल्या रुमालांचा मी वास घेणार हं, आधीच सांगून ठेवते."

"ये की," ताई पहिल्यांदाच हसली. "उशी तूच धर."