नजर पोचेल तेवढा

राक्षस माझा होता. म्हणजे सिनेमा धाकट्या बहिणीचा, पण त्यातला राक्षस आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर काढला तो मी. त्याचा एकेक दात वेगळा केला होता. पाठीवरच्या खवल्यांत शेवाळ कुठे धरेल याचासुद्धा विचार केला होता. त्यामुळे चाचणी खेळाला बोलावलेली माणसं त्याला बघून खदखदून हसली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"डोंगर पोखरून उंदीर काढलात," निर्माते धाकटीला म्हणाले. राक्षस पहिल्यांदा रस्त्यावर येतो तेवढा प्रसंग पुन्हा करायचा, त्यासाठी एक सकाळ रस्ता मिळेल, आणि तरीही लोक हसले तर सिनेमा कायमचा डब्यात, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. धाकटी बाहेर येऊन जिन्यातच बसली. उभं तारुण्य तिने साबणाच्या जाहिराती करण्यात घालवली होती.

"दादा, मला परत फेस नाही रे दाखवता येणार," ती म्हणाली.

मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. माझा स्वभावच तसा आहे.

कुठे चुकलं यावर घरी जेवताना सगळ्यांनी अक्कल पाजळली. बस चालवून निवृत्त झालेले आमचे मामा म्हणाले, आवाज कमी पडतो, राक्षसाचा हॉर्न कसा दणदणीत पाहिजे. मी म्हटलं, दात आणखी लांब करतो. आई ताटं वाढत होती. "मला तर बिचाऱ्याची दयाच आली," ती म्हणाली. "उपाशी दिसतो." त्यावर मी ताटावरून उठलो, आणि भूक आवरेना म्हणून परत येऊन बसलो.

अशा सिनेमात राक्षस नंतर घालतात. चित्रीकरणाच्या वेळी रस्त्यावर नुसती हवा असते, आणि माणसांनी त्या हवेला घाबरायचं असतं. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी जावी म्हणून आम्ही माणसाच्या उंचीचा एक पिवळा फुगा आणला आणि दोरीने चौथ्या मजल्याच्या उंचीवर धरला. माझ्या राक्षसाचं डोकं तिथपर्यंत येत होतं. दोरी मामांकडे दिली, कारण जबाबदारी दिली की ते सल्ले द्यायचे थांबतात. गर्दीला माणसं कमी पडली म्हणून आईलाही उभं केलं. मागून तिला दिसत नाही, म्हणून पहिल्या रांगेत, डाव्या हातात तिची नेहमीची पिशवी.

सकाळ सगळी वाया जात होती. कोणी कॅमेऱ्याकडे बघायचं, कोणी जांभई द्यायचं. "पळा" म्हटलं की बाया-बाप्ये लग्नाला उशीर झाल्यासारखे हसत हसत पळायचे. ऊन चढलं. कोपऱ्यावर रस्ता मोकळा करून घ्यायला माणूस येऊन उभा राहिला. धाकटीचा घसा पार बसला होता.

"शेवटचं," ती जेमतेम म्हणाली. "पळू नका कुणी. नुसतं बघा."

मी गर्दीकडे तोंड करून कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. फुगा माझ्या पाठीमागे. माझं लक्ष कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावरच्या चेहऱ्यांवर होतं, आणि माझ्या तोंडात नेहमीप्रमाणे एक शिवी तयार होती.

ती तोंडातच राहिली. आधी सगळे नुसते बघत होते. मग गर्दीत पुढे उभ्या केलेल्या एका न्हाव्याची हनुवटी किंचित वर गेली. त्याच्या मागच्या बाईची गेली. मग सगळ्या गर्दीची, सावकाश, एकदम. डोळे चौथ्या मजल्यावर थांबलेच नाहीत. ते गच्चीपर्यंत गेले, गच्ची ओलांडून आणखी वर गेले, आणि जातच राहिले. कोणी श्वास घेत असेल तर तो ऐकू येत नव्हता. त्या रस्त्यावर माझ्या पाठीमागे खरंच काहीतरी उभं राहत होतं, आणि वळून बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात मला आई दिसली. तिचंही तोंड वर होतं. पण तिचा उजवा हात, तिला स्वतःला न कळता, खाली गेला होता. कमरेच्याही खाली, तो हवेत काहीतरी चाचपत होता. ती उंची मी ओळखली. लहानपणी रस्ता ओलांडताना धाकटी आईच्या त्याच बाजूला असायची, आणि तिचा हात बरोबर तेवढ्याच उंचीवर सापडायचा. आता तिथे कोणी नव्हतं. धाकटी माझ्याशेजारी उभी होती, कानशिलावर केस पिकलेले. तरी तो हात शोधायचा थांबेना.

"दादा, दिसतंय तुला?" धाकटी कुजबुजली. मी नुसती मान हलवली.

आणि मग मामांचा आवाज आला, "अरे, माझी खुर्ची!"

झालं होतं असं. दोरी धरून मामांचे हात भरून आले, तेव्हा त्यांनी ती प्लास्टिकच्या खुर्चीला बांधली आणि वर ठाण मांडलं. मामांचं वजन बघता युक्ती बिनतोड होती. पण माणसं एवढी काय बघतायत, म्हणून बघायला ते स्वतःच उठले. खुर्चीच्या वजनामुळे फुगा भुर्रकन न जाता संथपणे वर गेला, खाली खुर्ची गोल गोल फिरत. मी वळलो तेव्हा ती इमारतींच्या वर पोचली होती. शेवटी एका गच्चीवरच्या उंच खांबाला अडकली. रस्ताभर हशा पिकला, पण आम्हाला हवं होतं ते कॅमेऱ्यात आलं होतं.

खरी पंचाईत पुढे झाली. त्या चित्रात मी माझा राक्षस बसवला, तर माणसं त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. दोन दिवस मी सगळ्यांवर चिडण्यात घालवले. मग त्याला वाढवायला बसलो. नजरेएवढा करता करता त्याचं डोकं चौकटीबाहेर गेलं. छाती गेली. ते सगळे दात गेले. उरले दोन इमारतींमधून वर जाणारे पाय, गुडघ्यापर्यंत, आणि त्यांच्यावरचं शेवाळ. दोन वर्षं त्याच्यासोबत काढूनही त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली. मी खुर्ची मागे सरकवली आणि हात जोडले, खोटं कशाला सांगू.

पुन्हा चाचणी खेळ झाला. मी, आई, धाकटी एका रांगेत. निर्माते पुढे. धाकटी नखं खात होती. प्रसंग आला आणि कोणी हसलं नाही. पडद्यावरच्या गर्दीने माना वर केल्या, तशा सभागृहातल्या माना वर गेल्या. निर्मात्यांचीसुद्धा गेली. लोक पडद्याच्या वर, नुसत्या छताकडे बघत होते. तिथे काही नाही हे मला माहीत होतं. तरी मीही बघितलं.

आईला तर खुर्चीची सगळी गंमत ठाऊक होती. ती स्वतः तिथे उभी होती. पण या वेळी तिच्याकडे पिशवी नव्हती, आणि तिचे दोन्ही हात खाली गेले. माझ्या बाजूचा हात खुर्चीच्या दांड्याखाली अंधारात चाचपू लागला. मी बसल्या जागी खाली घसरलो, माझा हात तेवढ्या उंचीवर नेला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे धाकटीही घसरून बसली होती. दिवे लागले, लोक टाळ्या वाजवू लागले, तरी आईने आम्हा दोघांना सोडलं नाही.