पाठमोरी

लिनेटने भिंतीला लांबी भरायचा पत्रा दुकानाच्या काचेवर टेकवला आणि तिथला जाहिरातीचा कागद खरवडायला सुरुवात केली. ज्याने तो चिकटवला त्याने गोंद सढळ हाताने लावला होता. हनुवटी निघाली, गाल निघाले, डोळे मात्र निघेनात. ते डोळे तिनेच रंगवलेले होते. ती शिव्या हासडत खरवडत राहिली. पीठ-साखर घ्यायला आलेल्या बाया माना खाली घालून परत फिरत होत्या.

तिच्या थोरल्या मावशीला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. तिचं नाव आता त्या आदिवासी वस्तीत कुणी घेत नव्हतं. इथेही ते येणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं, चेहरा समोर मांडला, तर ते मागे वळून बघतं आणि त्याची वाट मोडते. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. कला केंद्राचा गोरा व्यवस्थापक कॅमरन इथे पाच वर्षं राहूनही त्याच चेहऱ्याचे कागद दारोदार चिकटवत होता.

आणि दोष येत होता लिनेटवर. कागदावरचं चित्र तिचं ना! धाकटी मावशी डॅफ्नी नदीच्या कोरड्या पात्रात शोकाला बसली होती. तिने निरोप धाडला होता, ‘माझ्या बहिणीला विकून खाणाऱ्या पोरीने मला तोंड दाखवू नये.’ आई गेल्यावर या दोन मावश्याच तिच्या आया. एक मातीत गेली, दुसरी तोंड बघायला तयार नाही.

लिनेट तो पत्रा हातात घेऊनच केंद्रात शिरली.

“कॅमरन, कागद तू लावलास?”

“हो. नाव नाही छापलं हं. मुद्दाम काळजी घेतली.”

“चेहरा छापलास की हातभर!”

“तिनेच परवानगी दिली होती, लिनेट.”

“जिवंत असताना दिली होती. आता जाऊन विचारून येतोस?”

तो ओशाळला, पण हटला नाही. चित्र भिंतीला टेकून उभं होतं, दुपारच्या ट्रकने शहरातल्या प्रदर्शनाला जायचं होतं. झाडाखाली घोंगडीवर बसलेली मावशी, डोक्यावर निळी लोकरीची टोपी, छातीशी धरलेले तीन पत्ते आणि ओठांत दाबलेलं हसू.

“तुझी फुटबॉलची चित्रं, मोडक्या गाड्यांची चित्रं, सगळी छान आहेत,” कॅमरन म्हणाला. “पण प्रदर्शनवाल्यांना हेच हवंय. काय जिवंत चेहरा आहे गं!”

लिनेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पत्रा टेबलावर आदळला, काळ्या रंगाचा डबा उघडला आणि रुंद कुंचला बुडवला.

“अगं, काय करतेस?”

“मागे हो.”

“वाट लावशील चित्राची!”

“मागे हो म्हटलं ना! नाहीतर तुझंच तोंड रंगवीन.”

तो मागे झाला. पहिल्याच फटकाऱ्यात हसू गेलं. डोळे झाकले गेले. मग राग जरा ओसरला आणि हात नेहमीसारखा इतर रंगांतही चालू लागला. चेहऱ्याच्या जागी मानेवरचे विस्कटलेले केस आले, टोपीची मागची शिवण आली, फुलाफुलांच्या झग्यातली रुंद पाठ आली. मावशीने सगळ्यांकडे पाठ फिरवली. आता खांद्यावरून तिचे पत्ते दिसणार होते. लिनेट क्षणभर थांबली. त्या डावाच्या दिवशी ती मावशीच्या पाठीशीच बसली होती. तिला पत्ते ठाऊक होते. तिने ते रंगवले.

चित्र उचलून ती चालू लागली. ट्रकचं काय, असं कॅमरन मागून ओरडत होता.

नदीच्या पात्रात बाया विझलेल्या शेकोटीच्या राखेभोवती बसल्या होत्या. लिनेटच्या हातातलं चित्र पाहताच त्यांनी माना वळवल्या. डॅफ्नीने डोळे गच्च मिटले.

“इथवर आणलंस ते? लाज नाही वाटत?”

“मावशे, बघ तरी.”

“नाही बघायची. ने ते.”

“तोंड नाहीये त्यात. पुसलं मी.”

मग डॅफ्नीने एक डोळा किलकिला केला. टोपी पाहिली, पाठ पाहिली. तिचा हात नकळत पुढे आला आणि हवेतच थांबला. ती पुढे सरकली.

“हे काय? ते... त्या दिवशीचे पत्ते?”

लिनेटने मान हलवली.

डॅफ्नीने आपली गाडी तीन पत्त्यांच्या त्या डावात पणाला लावून घालवली होती. बहिणीचा आव बघून ती घाबरली, हातात जोडी असून पत्ते टाकून मोकळी झाली. तुझ्याकडे होतं तरी काय, हे ती नंतर कितीदा तरी विचारत राहिली. बहीण तोंडावर हात धरून नुसती हसायची.

“बदामाची दुर्री,” डॅफ्नी पुटपुटली. “इस्पिकचा पंजा. चौकटची सत्ती.” तिने पुन्हा वाचलं. “काही नव्हतंच की गं! लबाड! मेली लबाड!”

ती हसायला लागली. हसता हसता तिने गळा काढला, तिने लिनेटला जवळ ओढलं, आणि बाकीच्या बायांनीही सूर धरला.

वर ट्रकचा भोंगा वाजला. लिनेट चित्र घेऊन उठू लागली तशी डॅफ्नीने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने डोक्याचा रुमाल सोडून तिने तो चित्रावर टाकला. पाठ उघडीच राहू दिली, नुसते पत्ते झाकले.

“तिने मला दाखवले नाहीत,” ती म्हणाली, “त्या शहरवाल्यांना कशाला?”